प्यालेला माणूस कुणाचं ऐकतो?



ज्यांच्या स्मरणार्थ आपण दरवर्षी इथे जमतो त्या डॉक्टरबाईंनी तालुक्याच्या गावात आयुष्यभर बायकांचा दवाखाना चालवला. बाजाराच्या दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांच्या दारात कोण येत असे आणि कशा अवस्थेत येत असे, हे या सभागृहातल्या पुष्कळांना ठाऊक आहे. त्यामुळे दारू या विषयाचं इथलं प्रयोजन मला समजावून सांगावं लागणार नाही. बंदी असावी की नसावी या वादात मात्र मी आज शिरणार नाही. शंभर-सव्वाशे वर्षं आपण तो घालतो आहोत, आणि त्याच्या धबडग्यात दुसरा एक प्रश्न मागे पडला आहे. माणूस पितो कसा? कुणाच्या सोबतीने, कशाबरोबर, किती घाईने? आणि प्यायल्यावर तो जसा वागतो तसं वागायला त्याला कुणी शिकवलं? आपल्याच गल्लीत उभं राहून याचं उत्तर सापडत नाही, कारण आपल्या गल्लीत जे घडतं ते आपल्याला दारूचा स्वभावच वाटू लागतं. म्हणून आज थोडं लांब जाऊ.

सुरुवात बोलिव्हियापासून करतो. १९५०च्या दशकात ड्वाइट हीथ नावाचा तरुण अमेरिकी मानववंशशास्त्रज्ञ पूर्व बोलिव्हियातल्या कांबा शेतकऱ्यांमध्ये जाऊन राहिला. दारूचा अभ्यास करायला तो गेलेला नव्हता. पण आठवड्याच्या अखेरीला जिकडेतिकडे बैठका बसत आणि त्यालाही बोलावणं येई. उसापासून काढलेली ती दारू त्याने पुढे तपासून घेतली तेव्हा तिच्यात ८९ टक्के मद्यार्क निघाला. आपल्याकडची व्हिस्की ४२.८ टक्क्यांची असते, त्यावरून अंदाज करा. कांबा ती पाणी न घालता पीत.

ती बैठक कशी चाले ते नीट पाहण्यासारखं आहे. गोल करून माणसं बसलेली असतात. बाटली एक, पेला एक. एकजण पेला भरतो, समोरच्या एकाकडे पाहून हसतो, मान लववतो, त्याच्या आरोग्याचं नाव घेतो आणि अर्धा पेला एका घोटात संपवतो. उरलेला अर्धा ज्याचं नाव घेतलं त्याने प्यायचा. मग पेला त्याच्या हाती, आणि त्याने तिसऱ्याची निवड करायची. आपल्याला हवं तेव्हा एकट्याने घोट घेणं तिथे बसतच नाही. रात्र चढत जाते, काहीजण बसल्या जागी झोपतात, जागे झाले की पुन्हा फेरीत सामील होतात. हे दोन-दोन दिवस चाले. हीथ महिनोन् महिने त्यांच्यात राहिला. त्याला मारामारी दिसली नाही, बायकांशी दांडगाई दिसली नाही, आणि रोज एकट्याने पिणारा, दारूशिवाय चालत नाही असा माणूसही आढळला नाही.

हीथ तिथे वारंवार जात राहिला, म्हणून पुढची हकीकतही आपल्याला कळते. १९५२च्या क्रांतीनंतर जमीन सुधारणा आल्या आणि कांबांच्या शेतकरी संघटना उभ्या राहिल्या. एरवी दूरदूर विखुरलेल्या शेतांवर एकाकी राहणारी ही माणसं आता सभांना जमू लागली, एकत्र निर्णय घेऊ लागली. त्या काळात त्यांचं पिणं कमी झालं. संघटना मोडल्या गेल्या तेव्हा ते पुन्हा वाढलं. त्या गोल बैठकीत ते काय शोधत होते, ते यातून बरंचसं उलगडतं.

हीथसारख्या अनेकांची निरीक्षणं एकत्र करून क्रेग मॅकअँड्र्यू आणि रॉबर्ट एजर्टन या दोन अमेरिकी अभ्यासकांनी १९६९ साली एक पुस्तक लिहिलं. ‘ड्रंकन कम्पोर्टमेंट’ हे त्याचं नाव. प्यालेल्या माणसाचं वर्तन तो ज्या समाजात वाढला त्या समाजाकडून शिकतो, असं त्यांचं म्हणणं. त्यांनी दिलेलं अॅरिझोनाच्या वाळवंटातल्या पापागो लोकांचं उदाहरण मला सगळ्यांत बोलकं वाटतं. हे लोक आता स्वतःला तोहोनो ओऽधाम म्हणवतात. सग्वारो नावाच्या उंच निवडुंगाच्या फळांची दारू ते वर्षातून एकदा, पाऊस यावा म्हणून, विधीपूर्वक पीत. सगळा जमाव प्यालेला असे आणि सगळं शांततेत पार पडे. पुढे गोऱ्यांबरोबर व्हिस्की आली, आणि व्हिस्की पिऊन तीच माणसं भांडू लागली. माणसं तीच आणि मद्यार्कही तोच. व्हिस्कीबरोबर ती कशी प्यायची आणि पिऊन कसं वागायचं याचा धडा गोऱ्या शेजाऱ्यांकडून आला होता.

याचा अर्थ मद्यार्क काहीच करत नाही असा नव्हे. तो मेंदूचा लगाम सैल करतो, जीभ जड होते, पाय अडखळतात, पुढचामागचा विचार सुटतो. हे पृथ्वीच्या पाठीवर कुठेही घडतं. पण लगाम सुटलेलं घोडं कुठल्या रस्त्याने जाईल, ते त्याच्या पायाखालच्या वाटेवर ठरतं. जपानमध्ये कचेरी सुटल्यावर साहेब आणि हाताखालची माणसं एकत्र प्यायला बसतात. तिथे आपला पेला आपण भरायचा नसतो, शेजाऱ्याने भरायचा आणि आपण शेजाऱ्याचा. आणि त्या बैठकीत हाताखालच्या माणसाने साहेबाला चार गोष्टी तोंडावर सुनावल्या तरी दुसऱ्या दिवशी त्या निघत नाहीत. तिथे नशेला दिलेली सूट खालच्या माणसाला वर पाहून बोलण्यासाठी वापरता येते. (याच बैठकांत बायकांना काय काय सोसावं लागतं, याबद्दल जपानी स्त्रिया आता मोकळेपणाने बोलू लागल्या आहेत. तेही विसरू नये.)

आपल्याकडे ही सूट कुणाला आणि कुणाविरुद्ध मिळते?

मुकादमाशी वाकडं आलेला माणूस दुपारी गुत्त्यावर जातो, पावशेर मारतो आणि परत मुकादमासमोरून घरी जातो. वाटेत सरपंच भेटला तर रामराम घालतो. पोलिसाची गाडी दिसली तर बाजूला सरतो. मोटारसायकल असली तर ती ओढ्याकाठच्या वाटेने घरापर्यंत आणतो. आणि उंबरा ओलांडल्यावर त्याची शुद्ध हरपते. सकाळी सासू सांगते, तो प्यालेला होता, त्याला काय कळतंय. शेजारी सांगतात, एरवी माणूस देवासारखा. माहेरचे येतात, तेही हेच ऐकून परत जातात. रस्ताभर कुणाला रामराम घालायचा आणि कुणापासून बाजूला सरायचं हे ज्याला नेमकं कळत होतं, त्याला घरात हात कुणावर उचलतो आहोत हे कळत नव्हतं, हे मी मानायला तयार नाही. डॉक्टरबाईही मानत नसत. टाके घालताना त्या बाईला विचारत, काल रस्त्यात त्याने आणखी कुणाला मारलं? उत्तर ठरलेलं असे.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीची पाचवी फेरी २०१९ ते २०२१ या काळात झाली. ज्यांचे नवरे वारंवार दारू पिऊन तर्र होतात अशा बायकांपैकी सुमारे ७० टक्के बायकांनी नवऱ्याकडून शारीरिक किंवा लैंगिक हिंसा सोसल्याचं सांगितलं. नवरा मुळीच पीत नाही अशा बायकांमध्ये हे प्रमाण २३ टक्के होतं. दारूविरोधी सभांत पहिला आकडा सांगितला जातो आणि तो सांगायलाच हवा. पण दुसऱ्यापाशीही थांबलं पाहिजे. थेंबाला न शिवणाऱ्या नवऱ्यांच्या घरांतही चारातल्या जवळपास एका बाईला मार बसतो. तिला मारण्याची परवानगी दारूच्या आधीपासून घरात आहे. दारू त्या परवानगीला निमित्त पुरवते, जोर पुरवते, आणि सकाळी सबबही पुरवते.

कायद्याने ही सबब कधीच मान्य केलेली नाही. १८६०च्या भारतीय दंड संहितेतही नव्हती आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेतही नाही. फसवून किंवा जबरदस्तीने पाजली असेल तरच सुटका. आपण होऊन प्यालेल्या माणसाला, शुद्धीत असता तर जे कळलं असतं ते कळत होतं असंच धरून न्याय होतो. न्यायालय जी सूट देत नाही ती आपण आपल्या ओसरीवर देतो.

इथपर्यंत ऐकून कुणाला वाटेल की पिण्याची रीत सुधारली की भागलं. दारू सभ्यपणे, जेवताना, चारचौघांत प्यायला शिकवा. फ्रान्सकडे पाहा, इटलीकडे पाहा. पुण्या-मुंबईच्या सुशिक्षित घरांत हा युक्तिवाद मी बरेचदा ऐकतो, आणि तो अर्धाच खरा आहे.

आधी त्याची खरी बाजू. जॉर्जियात, म्हणजे कॉकेशस पर्वताच्या पायथ्याच्या देशात, द्राक्षाच्या दारूचे सुमारे आठ हजार वर्षांपूर्वीचे अंश मातीच्या भांड्यांत सापडले आहेत. आजही तिथे क्वेव्री नावाचे अंडाकृती रांजण जमिनीत पुरून त्यांत वाइन मुरवतात, आणि ती पद्धत २०१३ साली युनेस्कोच्या वारशाच्या यादीत गेली. त्यांच्या मेजवानीला सुप्रा म्हणतात. मेज अन्नाने लगडलेलं असतं आणि एक तमादा नेमलेला असतो. तमादा म्हणजे मेजाचा मुखिया. तो उठून बोलेपर्यंत कुणी पेल्याला हात लावत नाही. तो शांततेसाठी बोलतो, यजमानांच्या घरासाठी बोलतो, वारलेल्या माणसांची आठवण काढतो, लेकराबाळांसाठी बोलतो. दर भाषणानंतर पेला उचलायचा, आणि मध्ये दुसऱ्या कुणाला बोलायचं असेल तर तमादाने त्याच्याकडे सूत्रं द्यायची. रात्रभरात माणूस खूप पितो, पण प्रत्येक पेल्याआधी त्याला कुणाचं तरी बोलणं ऐकावं लागतं. आणि तमादाने तोल सोडणं ही लाजेची गोष्ट. बडबडणाऱ्या, लडखडणाऱ्या माणसाचं तिथे कौतुक होत नाही.

आपल्या कोकणातल्या बेने इस्रायल ज्यूंच्या घरांत शुक्रवारच्या संध्याकाळी शब्बाथच्या प्रार्थनेला मनुकांचं सरबत वाइनच्या जागी ठेवत, कारण धर्माला मान्य अशी वाइन इथे मिळत नसे. जगभरच्या ज्यू घरांत लहानपणापासून मुलांच्या ओठाला त्या पेल्यातला घोट लागतो. रॉबर्ट बेल्स या अमेरिकी समाजशास्त्रज्ञाने १९४०च्या दशकात नोंदवलं होतं की आयरिश स्थलांतरितांच्या मानाने ज्यू स्थलांतरितांत दारूडेपणा फारच कमी आहे, आणि त्याचं कारण त्याने या घरगुती, धार्मिक वळणात शोधलं.

आता दुसरी बाजू. ज्या फ्रान्सचं उदाहरण दिलं जातं तिथे १९५६ पर्यंत शाळेतल्या जेवणाबरोबर लहान मुलं वाइन पीत; त्या वर्षी चौदा वर्षांखालच्या मुलांना ती बंद झाली. पंतप्रधान असताना प्येर मेंदेस-फ्रांस यांनी शाळांत दूध वाटायला सुरुवात केली होती. शाळकरी पोरांनाही दुपारी वाइन देणाऱ्या त्या सुसंस्कृत देशात यकृत सडून मरणाऱ्यांचं प्रमाण जगात वरच्या क्रमांकांत होतं. पॅरिसमध्ये दुसऱ्या महायुद्धात वाइनचं रेशनिंग आलं. कुणी कुणाला उपदेश केला नव्हता, कुणाच्या रीतिभाती बदलल्या नव्हत्या. बाटल्याच मिळेनात. काही वर्षांतच सिरॉसिसने होणारे मृत्यू सुमारे चार पंचमांशाने घटले. वाइन पुन्हा मिळू लागली तसे ते पुन्हा वाढले. जेवणाबरोबर घेतली, कवितेबरोबर घेतली, तमादाच्या भाषणाबरोबर घेतली, तरी यकृतापर्यंत पोचतो तो मद्यार्कच. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने मद्यपेयं १९८८ सालीच माणसात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकली. फ्रेंच लोकांनीही पुढे पिणं निम्म्यावर आणलं, आणि १९९१च्या एव्हँ कायद्याने दारूच्या जाहिरातींना वेसण घातली.

म्हणून मी हे दोन हिशेब वेगवेगळे ठेवतो. प्यायल्यावर माणूस कसा वागतो याचा हिशेब समाजाच्या वहीत आहे. प्यायल्याने त्याच्या शरीराचं काय होतं याचा हिशेब मात्रेच्या वहीत आहे. दोन्ही एकत्र केले की चुका होतात. रीत सुधारा म्हणणारे मात्रा विसरतात आणि मात्रा शून्य करा म्हणणारे रीत विसरतात.

मात्रा एका फटक्यात खाली आणायला निघालेल्या सत्तेचं मोठं उदाहरण सोव्हिएत रशियाचं. मे १९८५ मध्ये गोर्बाचेव्ह यांनी मोहीम काढली. व्होडकाचं उत्पादन कमी केलं, भाव चढवले, दुकानं दुपारी दोननंतरच उघडायची असा नियम केला. जॉर्जिया आणि मोल्दोव्हातले द्राक्षमळे उखडले. पुरुषांचं सरासरी आयुर्मान दोन-तीन वर्षांनी वाढलं, आणि शांततेच्या काळात इतक्या थोड्या अवधीत एवढा फरक क्वचित पडतो. पण घरोघरी हातभट्ट्या लागल्या, त्यासाठी साखर उचलली जाऊ लागली, दुकानांतून साखर दिसेनाशी झाली. तिजोरी कोरडी पडली आणि मोहीम गुंडाळली गेली. देश मोडल्यावर स्वस्त व्होडकाचा पूर आला. १९९४ साली रशियन पुरुषाचं सरासरी आयुर्मान ५८ वर्षांच्याही खाली गेलं. पिण्याची रीत नऊ वर्षांत तसूभर बदललेली नव्हती. पूर्वीसारखीच बाटली उघडायची, उभ्याउभ्या संपवायची, आणि आता पूर्वीपेक्षा जास्त.

कायद्याने रीत बदलत नाही असं मात्र नाही. ती बदलते, पण कायदा करणाऱ्याच्या मनात असते त्या दिशेलाच जाईल याची खात्री नसते. पहिल्या महायुद्धात, १९१६ साली, ऑस्ट्रेलियाच्या अनेक राज्यांनी दारूची दुकानं संध्याकाळी सहाला बंद करायचा नियम केला. हेतू असा की पुरुषांनी वेळेवर घरी जावं. कामं सुटत पाचला. मग त्या एका तासात शेकडो माणसं दुकानात घुसत, गल्ल्यापाशी चेंगराचेंगरी होई, सहाच्या आत जमतील तेवढे पेले रिचवायची स्पर्धा लागे. बसायला जागा नको म्हणून मालकांनी खुर्च्या-टेबलं काढून टाकली. भिंतींना आणि जमिनीला फरशा बसवल्या, म्हणजे नंतर पाणी मारून सगळं धुता येईल. सहानंतर हे पुरुष घरी पोचत, ते तासाभरात चार तासांची बियर पोटात घेऊन. न्यू साउथ वेल्समध्ये हा नियम १९५५ पर्यंत चालला, दक्षिण ऑस्ट्रेलियात १९६७ पर्यंत. म्हणजे मुलांनी बापाला असंच पिताना पाहिलं आणि पुढे स्वतःही तसंच प्यायलं.

न्यूयॉर्कने १८९६ साली रविवारी फक्त हॉटेलात आणि फक्त जेवणाबरोबर दारू द्यायची असा कायदा केला. हॉटेलवाल्यांनी एक सँडविच करून ठेवलं. ते एका मेजावरून दुसऱ्या मेजावर फिरे, कुणी खायचं नसे.

स्वीडनची गोष्ट याहून गुंतागुंतीची आहे, आणि मला ती सगळ्यांत शिकवणारी वाटते. ईव्हान ब्रात नावाच्या डॉक्टरने सुचवलेल्या व्यवस्थेत पहिल्या महायुद्धाच्या सुमारापासून प्रत्येक ग्राहकाला एक वही मिळू लागली. आपल्या रेशनकार्डासारखी. खरेदी केली की शिक्का. वही कुणाला द्यायची आणि महिन्याला किती लिटर, हे त्या माणसाची मिळकत, घरची परिस्थिती, पूर्वी दारू पिऊन पकडला गेला होता का, हे पाहून ठरे. लग्न झालेल्या बाईला बहुधा मिळतच नसे. नवऱ्याच्या वहीत तिचं भागावं अशी अपेक्षा. १९२२ साली पूर्ण बंदीवर जनमत घेतलं तेव्हा अगदी थोड्या मतांनी बंदी हरली, आणि ती हरायला ही वही कारण झाली असं मानतात. १ ऑक्टोबर १९५५ रोजी वह्या रद्द झाल्या. लगेच नशेत पकडले जाणारे वाढले, इस्पितळात येणारे वाढले, आणि सरकारला कर वाढवावे लागले. तेव्हापासून मुख्यतः सरकारच्या मालकीची दुकानं तिथे कडक दारू विकतात. रविवारी ती बंद असतात. एकावर एक फुकट असला धंदा तिथे चालत नाही. वहीची व्यवस्था गरिबांना आणि बायकांना अपमानकारक होती यात शंका नाही. पण माणसाला किती मिळावी हा प्रश्न तिने थेट विचारला होता. आपल्या कायद्यांनी तो क्वचितच विचारला.

आपल्याकडे पूर्वी रीत नव्हती असं समजू नका. गोंड, माडिया, भिल्ल, वारली यांच्या घरी मोहाची दारू देवाला आणि पूर्वजांना आधी चढते, मग माणसं पितात. सणाला पितात, लग्नाला पितात, मयताला पितात, बायकाही त्यात असतात. इंग्रज सरकारला त्यात महसूल दिसला. १८७८च्या अबकारी कायद्याने दारू मक्तेदाराच्या हाती गेली आणि १८९२ साली ठाणे-कुलाब्यात मोहाची फुलं गोळा करून साठवण्यावरच निर्बंध आले. ज्या झाडाखाली लेकरं फुलं वेचत, तिथेच गुन्हा नोंदला जाऊ लागला. घरची दारू गेली, मक्तेदाराचं दुकान आलं, उधारी आली आणि उधारीत जमिनी गेल्या. पुण्यात दारूची दुकानं वाढवण्याला जोतीराव फुल्यांनी १८८० साली नगरपालिकेचे सभासद म्हणून लेखी हरकत घेतली होती. १९०८ साली टिळकांच्या पुढाकाराने पुण्यात दुकानांवर निरोधन, म्हणजे पिकेटिंग, झालं. १९२२ साली पालघरच्या किनाऱ्यावरच्या कोळ्यांमधून एका देवीचं वारं निघालं आणि ते दक्षिण गुजरातच्या आदिवासींत पसरलं. अंगात आलेल्या माणसांच्या तोंडून ती देवी सांगे, दारू-ताडी सोडा, दारूवाल्या सावकाराचं काम करू नका. हजारोंनी सोडली. कुणी फर्मान काढलं नव्हतं. इतिहासकार डेव्हिड हार्डिमन यांनी यावर सविस्तर लिहिलं आहे आणि ते मुळातून वाचावं असं आहे.

मग स्वराज्य आलं आणि १९४९चा मुंबई दारूबंदी कायदा आला. त्यामागचा हेतू थोर होता, तो आणणाऱ्या मोरारजीभाई देसाईंच्या निष्ठेबद्दलही मला शंका नाही. पण पुढची पंधरावीस वर्षं मुंबई इलाख्यातल्या पुरुषाने दारू कशी प्यायली? चोरून. गल्लीच्या टोकाला, कुणाच्या मागच्या खोलीत, दारावर पाळत ठेवून, पटकन घशाखाली ओतून. ज्याच्याकडे पैसा आणि ओळखीचा डॉक्टर होता त्याला प्रकृतीच्या कारणावर परमिट मिळे. बाकीच्यांनी धारावीची, वसई-विरारची हातभट्टी घेतली. १९६०च्या दशकापासून कायदा सैल होत गेला, तरी तो रद्द झालेला नाही. आजही महाराष्ट्रात दारू बाळगायला परवाना लागतो. कडक दारूसाठी वयाची अट २५ वर्षांची आहे, आणि ती अट पाळली जाते असं म्हणायला मी धजणार नाही.

त्या वर्षांत बसलेलं वळण अजून टिकून आहे. देशीच्या दुकानाशेजारी संध्याकाळी उभे राहा. माणूस येतो, नव्वद किंवा क्वार्टर घेतो, प्लॅस्टिकच्या ग्लासात ओततो, वर थोडं पाणी, तोंडात चिमूटभर मीठ किंवा चणे, आणि उभ्याउभ्या संपवतो. बोलतो फार थोडं. दहा मिनिटांत बाहेर. भारतात नोंद होणाऱ्या मद्याचा फार मोठा भाग बियर-वाइनचा नसून कडक दारूचा आहे. आणि पंधरा वर्षांवरच्या पुरुषांपैकी पाचव्या हिश्शाहून कमी पुरुष पितात, बायकांत शंभरात एखादी. म्हणजे आपल्याकडे पिणारे थोडे आहेत, पण जे पितात त्यांतले बरेच नशेसाठीच पितात, रिकाम्या पोटी आणि घाईत. या दुकानात कुणी तमादा नाही, कुणी पेला भरून देत नाही, कुणाचं बोलणं ऐकायची गरज नाही. पुढची पायरी थेट घर.

गोव्याचं नाव घेतल्याशिवाय मराठी माणसाचं याबाबतीत समाधान होत नाही. काजूच्या हंगामात बोंडं तुडवून रस काढायचा, पहिल्या उकळीची उर्राक, पुढच्या उकळीची फेणी. २००९ साली काजू फेणीला भौगोलिक मानांकन मिळालं. गावच्या ताव्हेर्नात म्हातारे बसतात, गप्पा मारतात, एक-दोन घेऊन जेवायला घरी जातात. ही रीत आपल्यापेक्षा पुष्कळ निवांत आहे आणि मला ती आवडते. पण ‘संगाथ’ ही संस्था याच गोव्यात आरोग्य केंद्रांमध्ये घातक प्रमाणात पिणाऱ्या पुरुषांसाठी काम करते. तिथे डॉक्टर नसलेल्या, प्रशिक्षण घेतलेल्या स्थानिक माणसांनी थोड्या बैठकांत केलेल्या समुपदेशनाचा उपयोग होतो, असं तिच्या अभ्यासातून दिसलं आणि तो अभ्यास ‘लॅन्सेट’ने छापला. निवांत पिणाऱ्या गोव्यालाही त्याची गरज होती, आणि आपल्याला तर त्याहून जास्त आहे. पुण्यात अवचट दांपत्याने १९८६ साली सुरू केलेलं मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र सोडलं तर जिल्ह्याजिल्ह्यात असं काय उभं आहे, याचा शोध श्रोत्यांनी आपापल्या तालुक्यात घ्यावा.

आता थोडं आपल्या हातातल्या गोष्टींबद्दल बोलतो. आडव्या बाटलीचा नियम तुम्हाला माहीत आहे. पंचवीस टक्के मतदारांनी मागणी केली तर गावात गुप्त मतदान होतं, उभी बाटली म्हणजे दुकान राहावं, आडवी म्हणजे जावं. हा नियम बायकांच्या लढ्यातून आला आणि त्याचा मला अभिमान आहे. पण दुकान बंद व्हायला यादीतल्या एकूण मतदारांपैकी निम्म्याहून अधिक मतं आडवीला पडावी लागतात. ऊसतोडीला गेलेली बाई, लग्न होऊन दुसऱ्या गावी गेलेली मुलगी, नाव न कमी झालेली मयत आजी, या सगळ्याजणी उभ्या बाटलीच्या बाजूने मोजल्या जातात. आमदार-खासदारांच्या निवडणुकीत झालेल्या मतांची मोजणी होते, मग गावच्या बाईलाच ही जास्तीची चढण का? मतदान केलेल्यांच्या बहुमतावर निर्णय व्हावा, ही मागणी इथून सरकारकडे जायला हवी.

दुसरी गोष्ट सरकारची वाट न पाहता करता येईल. २००७पासून आपल्याकडे तंटामुक्त गाव मोहीम आहे, आणि नवरा-बायकोचे कितीतरी तंटे समितीपुढे मिटतात. तिथली इतिवृत्तं मी वाचली आहेत. ‘दारूच्या नशेत घडलेले असून यापुढे असे करणार नाही’ हे वाक्य इतक्या कागदांवर आहे की ते छापून घेतल्यासारखं वाटतं. माझी विनंती अशी की हे वाक्य लिहून घेणं आजपासून बंद करा. त्याच्या जागी कुणाला, कधी, कशाने मारलं एवढंच लिहा आणि खाली त्याची सही घ्या. तो काय प्यालेला होता, हे त्या कागदावर लागत नाही.